खेळाच्या चतुःसीमा

निहार, अन्वी, तुमच्या फोनवरच्या त्या खेळात कंडक्टर "मांगं सरका बाप्पा, मांगं लय जागा हाय" असं ओरडतो आणि खाली "कृपया मागील बाजूस सरकावे" असं उमटतं. हे कोणी आणि का लिहिलं, असं तुम्ही रविवारी विचारलंत. दोघंही हसत होतात, म्हणून फोनवर सांगितलं नाही. लिहून पाठवते, कारण त्यामागचं भांडण मीच सोडवलं आहे. माझी सगळी वकिली बुलढाण्याला शेतांच्या बांधांवर आणि भावांच्या वाटण्यांवर गेली. कोर्टात जाणं बंद केल्यावर हाती आलं ते प्रकरण व्हिडिओ गेमचं.

उज्ज्वला सुलतानपूरची. आता मेहकरला तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. वीसेक वर्षांपूर्वी कॉलेजात असताना तिने गजाननरावांच्या कॉम्प्युटर क्लासात बसून 'रुमाल टाक' तयार केला. स्टँडवर एसटी लागते, पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा आणि गर्दीतून आत शिरून ती सीट गाठायची. तुमच्याकडे सीट ऑनलाइन बुक होते, आमच्याकडे रुमालाने व्हायची. कंडक्टरचा आवाज तिच्या वडिलांचा. ते खरोखरच एसटीत कंडक्टर होते. आता ते नाहीत, आणि त्यांचा दुसरा कुठलाही आवाज कोणी रेकॉर्ड करून ठेवलेला नाही.

गजाननरावांनी त्या वेळी खेळाच्या सीडी काढून विकल्या. मग सीडी गेल्या, खेळही विसरला गेला. पुढे पुण्याच्या एका कंपनीला जुने मराठी खेळ मोबाइलवर आणायची हौस आली, तेव्हा गजाननरावांनी सगळे हक्क लिहून देऊन टाकले. उज्ज्वलाला कळलं ते जाहिरात पाहून. जाहिरातीत कंडक्टर म्हणत होता, "कृपया पुढे चला." आवाज पुण्याचा.

ती माझ्याकडे आली. "मले दुसरं काई नाई पायजे, वकीलबाई. बाबाचा आवाज तेवढा काढू देऊ नका."

मी सगळ्यांना एकाच दुपारी बसवलं. गजाननराव इस्त्रीचा सफारी घालून, प्लास्टिकची फाइल छातीशी धरून आले. कंपनीचा तरुण वकील लॅपटॉपवर होता. त्याच्यामागे पुस्तकांचं कपाट होतं. पुस्तकं फार स्वच्छ होती.

"माह्या क्लासात बनला, माह्या मशीनवर, माह्या लायटीवर," गजाननराव म्हणाले. "मंग खेळ कोनाचा?"

"तुमच्या ओट्यावर बसून मी पापड लाटले, तर पापड तुमचे का?" मी विचारलं.

"पापडाची गोष्ट वेगळी हाय, बाई."

"हाव, पापड लवकर संपतात," उज्ज्वला म्हणाली.

लॅपटॉपमधला म्हणाला, "मॅम, त्या सरांच्या एम्प्लॉयी असतील तर वर्क सरांचं होतं." त्याचा मुद्दा बरोबर होता. नोकरीचं काम म्हणून काही तयार केलं, तर वेगळं ठरलेलं नसल्यास ते मालकाचं होतं. पण उज्ज्वलाने पर्समधून क्लासचं सर्टिफिकेट काढलं. 'सदर विद्यार्थिनीने हा कोर्स यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे.' खाली गजाननरावांची झोकदार सही. विद्यार्थिनी म्हणजे नोकर नव्हे.

"ते असू द्या," गजाननराव म्हणाले. "माह्यापाशी स्टँपपेपर हाय." आणि त्यांनी फाइल उघडली.

इथे तुम्हाला दोन शब्द समजावते. खेळ ज्याने केला, त्याच्याकडे कॉपीराइट, म्हणजे शेताची मालकी. पब्लिशिंग म्हणजे खेळ लोकांसमोर आणायचा हक्क आणि डिस्ट्रिब्यूशन म्हणजे तो दुकानोदुकानी पोचवायचा हक्क. हे मालक दुसऱ्याला देऊ शकतो, ठरावीक काळासाठीही. आपल्याकडे शेत ठोक्याने देतात, तसं. ठोक्याने घेणारा शेत पेरतो, माल विकतो. शेत विकू शकत नाही.

स्टँपपेपर तहसीलसमोरच्या अर्जनवीसाने लिहिलेला होता. हे लोक जन्मभर शेतीचेच कागद लिहितात. त्याच्याकडे व्हिडिओ गेमचा मसुदा कुठून असणार? त्याने ठोकापत्राचा मसुदा घेतला आणि शेताच्या जागी खेळ घातला. मी मोठ्याने वाचायला लागले.

"सदर 'रुमाल टाक' नावाचा खेळ, आराजी सीडी नग एक. चतुःसीमा : पूर्वेस क्लासची भिंत, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस पानठेला, उत्तरेस मोकळी जागा. त्यातील झाडझुडूप, विहीर व पाण्याच्या हक्कासह."

"विहीर?" लॅपटॉपमधून आवाज आला.

"खेळात हाय ना, स्टँडच्या मांगं," उज्ज्वला म्हणाली.

अर्जनवीसांच्या कागदांवर मी आयुष्यभर हसत आले. त्या दिवशीही सातव्या ओळीपर्यंत हसलेच. सातव्या ओळीत होतं : 'मूळ मालक उज्ज्वला. ठोका एक साल, पाडवा ते पाडवा. मुदत संपताच ताबा विनातक्रार मूळ मालकास परत करावा.'

गजाननरावांनी हा कागद वीस वर्षं जपला होता. बहुधा एकदाही वाचला नव्हता. उज्ज्वलानेही तेव्हा न वाचताच सही केली होती.

"तुम्ही हा बघितला होता?" मी पुण्याच्या वकिलाला विचारलं.

"सरांनी इंग्लिश समरी पाठवली होती, मॅम. ओरिजिनल हँडरिटन मराठीत आहे."

जुने मराठी खेळ जपायला निघालेल्या कंपनीला मराठी कागद वाचायचा कंटाळा. मी त्याला म्हटलं, "खिडकीतून रुमाल टाकला की सीट राखली जाते, तीही त्याच फेरीपुरती. गजाननरावांनी तुम्हाला अख्खी बस विकली आहे."

मग त्याने सूर बदलला. करार उज्ज्वलाशी नव्याने करू, पण आवाज बदलावा लागेल. युजरला ही भाषा कळणार नाही, जरा ग्रामीण वाटते.

"स्टँड मेहकरचा हाय. मंग कंडक्टर पुन्याचा काऊन?" उज्ज्वला म्हणाली.

"मॅम, नाहीतर आम्हाला प्रोजेक्ट ड्रॉप करावा लागेल."

मी तिच्याकडे पाहिलं. खेळ पडून राहिला, तर त्यातला आवाजही कोणी ऐकणार नव्हतं. ती हे जाणत होती.

"करा ड्रॉप," ती म्हणाली. "माह्या घरी मी ऐकतो."

लॅपटॉप बंद झाला. चार दिवसांनी फोन आला. जाहिरात आधीच झालेली होती आणि लोक खेळ कधी येतो म्हणून विचारत होते. आवाज राहील, पण खाली शुद्ध मराठीत ओळी येतील, असं ठरलं. उज्ज्वलाने होकार दिला. त्या ओळी कंपनीने कोणा भाषातज्ज्ञाकडून लिहून घेतल्या. तुम्ही हसत होतात, ती त्याची विद्वत्ता.

गजाननरावांनी आपलंही नाव हवं म्हणून हट्ट धरला. खेळाच्या शेवटी 'विशेष आभार'मध्ये आहे. तिथवर कोणी पोचत नाही.

धडा एवढाच की कागद मिरवण्याआधी वाचावा आणि ज्याच्या लिहिण्यावर आपण हसतो, त्याचंही शेवटपर्यंत वाचावं.

तो क्लास बंद झाला. अर्जनवीस वारला. सीडी आता कुठल्याच मशीनवर चालत नाही. ठोकापत्र माझ्या लोखंडी कपाटात, डावीकडच्या खणात आहे. आणि उज्ज्वलाच्या बाबांचा आवाज तुमच्या फोनमध्ये आहे.