विहिरीला सिमेंट

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लोक जमिनीवर गाढवपणा करतात, मी केला तो पस्तीस फूट खोल!

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. कळसच्या रानात मी नवी विहीर पाडली. बांधायला गवंडी रामातात्या. त्यांची रीत अशी, की विहिरीतून निघालेला दगडच घडवायचा आणि विहिरीलाच लावायचा. नुसता कोरडा, एकावर एक. ना चुना, ना सिमेंट. तरी दगड असा बसायचा, की हत्तीनं ढकलला तरी हलू नये.

मला मात्र मधल्या फटी बघवेनात. तेव्हा इंदापूरपासून बारामतीपर्यंत जो तो सिमेंटच्या नादी लागलेला. शेळ्यांचे गोठेसुद्धा गुळगुळीत!

"तात्या, दरजा राहिल्यात की!"

"राहिल्यात न्हाय, ठेवल्यात."

का ठेवल्यात, एवढं विचारायला अक्कल लागते. ती कुठून आणू? तात्यांची पाठ फिरताच मी आठवडाभर खपून तळापासून काठापर्यंत सगळ्या दरजा सिमेंटनं बुजवल्या. विहीर कशी दिसत होती म्हणता? स्टीलचा तांब्या!

पंधरा दिवसांत तांब्याचं पाणी घोट्यावर आलं. मोटार खाकरायला लागली. तोड्याला आलेल्या वांग्यांनी माना टाकल्या. दोन एकर वांगी डोळ्यांदेखत चालली! आणि शेजारच्या मारुतीरावाची विहीर? पुरुषभर वाढलेली!

झालं! यानंच भोक पाडून माझं पाणी पळवलं. भर पारावर मी त्याला चोर म्हणालो.

"बापूराव, माझ्या हिरीत उतरून बघा, कुठं भोक हाय का!"

उतरलो की! भोक सापडलं नाही, तसा संशय आणखी पक्का झाला. एवढं लपवलंय म्हणजे केवढं मोठं असेल!

शेवटी लोकांनी निवाड्याला रामातात्यांना आणलं. ते माझ्या विहिरीत डोकावले.

"ह्ये कुणी केलं?"

"मीच. पदरचं सिमेंट घालून!"

"आरं, झरं त्या दरजांतनंच आत येत्यात! तू दारंच लिपलीस, मग पानी शेजारी न्हाय जायाचं तर कुठं जाईल? उतर आता. बुजवलं त्यानंच फोडायचं."

पहार घेऊन दोरावरून उतरलो. तिसऱ्या घावाला ढपला उडाला आणि पाण्याची पिचकारी थेट तोंडावर! दुसरी दरज फोडली, चौथी, दहावी. बघता बघता पाणी कमरेला लागलं.

"घ्या वर!"

दोर मारुतीरावाच्या हातात. त्यानं काठावर निवांत बैठक मारली.

"घेतो की. आदी सांगा, पानी कुणी चोरलं व्हतं?"

"मी," मी पुटपुटलो.

"आईकू ईना!"

"मीच! मीच चोर!"

निम्मं गाव काठावर होतं. उरलेल्या निम्म्याला आपापल्या रानात उभ्या उभ्या कळलं. कारण वरचं सिमेंट अजून शाबूत होतं, आणि काय सांगू, त्यानं माझ्या आवाजाचा एक थेंबसुद्धा आत मुरू दिला नाही!