जीपचा वायपर आणि आबांचे ओठ

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. राखी पुनव जवळ आली तोवर ते काठी धरून अंगणात चालू लागले होते. पण तोंड डावीकडे ओढलेलंच होतं, उजवा हात लुळा, आणि बोलणं एखाद्या शब्दावर आलेलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांना नळीनं पाणी ओढायला आणि फुगे फुगवायला सांगितलं होतं. आबांनी फुगा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ खाटेखाली टाकून दिला. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, पुसेगावला असते. गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही, म्हणून दर राखीला आबाच आमची जुनी जीप घेऊन कळमनुरीहून तिच्याकडे जायचे. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "भाड्याची गाडी करा ना." आबांनी मान भिंतीकडे फिरवली. शेवटी जीप मी चालवायची असं ठरलं. शिकवली होती त्यांनीच.

हिंगोलीतलं माझं शिवणाचं दुकान बंद ठेवून मी माहेरी आले, जीप धुतली, सुरू केली. इंजिन लगेच लागलं. वायपर मात्र जागचा हलेना. पाऊस रोजचा होता. वायपरशिवाय निघणं शक्य नव्हतं.

या जीपचा वायपर विजेवर चालत नाही. इंजिन चालताना हवा आत ओढतं, त्या ओढीवर तो हलतो. इंजिनापासून एक बारीक नळी काचेच्या चौकटीतून वर जाते. वर मुठीएवढी डबी, आणि डबीत चामड्याची कड लावलेलं पातं. हवा ओढली की पातं इकडून तिकडे झुलतं, त्याबरोबर वायपर. बोलावून आणलेल्या मिस्त्रीनं ते पाहून डोकं खाजवलं.

"ताई, हे काढून टाका. बॅटरीवरची मोटर बसवून देतो."

ओसरीवरून आबांचा आवाज आला, "न्हाई."

आजारपणानंतर इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मिस्त्री हसून गेला. आबा काठी टेकत जीपपाशी आले आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट इंजिनाकडे केलं.

मी इंजिनाकडचं नळीचं टोक उपटलं. आबांनी खूण केली म्हणून इंजिन चालू करून त्याच्या उघड्या भोकावर बोट ठेवलं, तर ते आत ओढलं गेलं. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. खालची रबरी नळी मात्र जागोजागी तडकली होती. मी घरातली एक मऊ, पारदर्शक नळी लावली आणि हुशारीनं इंजिन सुरू केलं. ओढ बसताच ती पिचकून चपटी झाली. आबा नाकातून हसले. मग मी बाजारातून जाड भिंतीची, पेट्रोलला वापरतात तशी नळी आणली.

तरी वायपर हलेना.

डबी उघडली. पात्याची चामडी कड वाळून उन्हातल्या पापडासारखी कडक झालेली. आबा म्हणाले, "एरंडेल." बैलांच्या चामडी पट्ट्यांना ते एरंडेलच चोळायचे. मायनं बाटली आणून दिली. ते चामडं मी तेलात भिजत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते बोटांखाली वाकायला लागलं.

डबी परत बसवली आणि तिलाच एक आखूड नळी जोडून तोंडानं ओढून पाहिलं. वायपर जरासा हलला. मी ओरडलेच. तेवढ्यात आबांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि आपल्या तोंडात धरली.

ओठ मिटेनात. उजव्या कोपऱ्यातून हवा फसकन निघून जायची, लाळ सदऱ्यावर उतरायची. मी पुढे झाले, तर मायनं माझं मनगट धरलं.

"राहू दे. करू दे त्याहिला."

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर आबा जीपच्या पायरीवर बसून नळी ओढून राहिलेले. चहा झाला की नळी, जेवण झालं की नळी. फुगा खाटेखाली टाकून देणारा हा माणूस कुणी न सांगता व्यायाम करत होता. माय म्हणायची, "गाडी हाय का बिडी?" आणि तोंडाला पदर लावून हसायची.

एका दुपारी मी आत भाकरी थापत होते. अंगणातून माय ओरडली, "बाई, पळ! पळ लवकर!"

पिठाच्या हातानं धावले. आबांचे ओठ नळीभोवती गच्च मिटलेले, गाल आत गेलेले. काचेवर वायपर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. थांबला. आबांनी दम घेतला, पुन्हा ओढलं, पुन्हा गेला. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आबांवरच खेकसत होती, "बसा आता, दम लागन!"

पण सगळं जोडून इंजिन लावलं, तर वायपर रेंगाळतच चालला. आता दोष उरला होता चौकटीतल्या लोखंडी नळीत. मायनं तांब्यात साबणाचा फेस केला. "सायकलचं पंक्चर कसं बघतेत? तसंच बघू." तिनं नळीभर फेस लावला, मी वरचं टोक अंगठ्यानं दाबलं, आबांनी खालून फुंकलं. गंजलेल्या एका जागी टपोरा बुडबुडा आला. तेवढा भाग कापून मी मधे रबरी नळी चढवली. या वेळी इंजिन लागताच वायपर असा सपासप फिरला की मायनं टाळ्या वाजवल्या.

राखीच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. हिंगोली सोडली आणि पाऊस कोसळायला लागला. पुढच्या चढावर मी अॅक्सिलरेटर दाबला, तशी वायपरची ओढ गेली आणि काच पांढरी झाली.

"सोड!" आबा म्हणाले. "पाय... सोड!"

मी पाय उचलला, तशी इंजिनाची ओढ परत आली. वायपर सपकन फिरला, रस्ता दिसला. "आता दे." मी दिला. "सोड." असं देत-सोडत आम्ही चढ चढलो, आणि आबांच्या तोंडून शब्दामागून शब्द येत राहिला.

आत्या दारातच उभी होती. "दादा, एवढ्या पाण्यात काहून आलास रे?"

आबांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "वायपर... चालू हाय."

राखी बांधून झाली तरी ते आत जाईनात. शेजारची माणसं जमली होती. त्यांना वायपर दाखवण्यासाठी आबांनी मला पुन्हा गाडीत बसवलं. चुलीपाशी ताटं वाढून ठेवलेली, आत्या हाका मारून थकलेली, आणि आबा भर पावसात काचेसमोर उभे राहून मला सांगत होते, "अजून एकदा."