सोमवारी मी रानात जात नाही

सोमवारी मी रानात जात नाही. आजारी नसते, उपास नसतो, माहेराहून कुणी आलेलं नसतं. नुसतीच जात नाही. हे वाक्य तोंडातून काढायला मला बावन्न वर्षं लागली, म्हणून आता मी ते जरा मोठ्यानेच बोलते.

आमचं रान निरगुडसरला. ऊस, कांदा, दारात तीन गाई. कांद्याची लागण आम्ही बायका सावडीनं करतो. म्हणजे आज सगळ्या माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या. आमच्या सावडीत अकरा जणी आहेत आणि मुकादम माझ्या थोरल्या जाऊबाई. साठी कधीच ओलांडली, पण लागणीत त्यांच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही. कुणाच्या रानात कधी जायचं ते त्याच ठरवतात आणि सावडीतून एकदा कुणी गळली की तिच्या वाफ्यात पाय ठेवायला कुणी येत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी वाफ्यात वाकले ती वर येईना. तिथंच चिखलात बसले. आधी सगळ्या हसल्या, मग मला धरून बांधावर नेलं. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणके झिजलेत, आठवड्यातून एक दिवस तरी पाठ टेकवा. मला तिथंच हसू आलं. जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरचं काय जातंय बोलायला? रोप काय त्यो लावणार हाय का?" दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून मी परत ओळीत उभी राहिले. माझ्याएवढी मूर्ख बाई तालुक्यात नसेल.

पुढं चैत्र आला, जत्रा सुरू झाल्या. आमच्या मालकांना बैलगाड्याचा नाद. शर्यतीचा बैल म्हणजे आमच्या घरातला जावई. त्याला दूध, अंडी, अंगाला तेल आणि गोठ्यात पंखा. औताला त्यानं मान कधी लावलेली नाही. त्या वर्षी गावच्या जत्रेत तो वाऱ्यासारखा पळाला आणि पावण्यांच्या आग्रहाखातर मालकांनी त्याला तिसऱ्याच दिवशी महाळुंगे पडवळच्या बाजूला दुसऱ्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, उतरवला. अर्ध्या घाटात तो थांबला. नुसता उभा राहिला.

संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं सुतकी तोंडं करून बसली. मी चहा घेऊन बाहेर आले. एक जण म्हणत होता, "बैलाचा काय बी दोष नाय राव. त्याला आराम न्हाई मिळाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "चूक माझीच हाय. मुका जीव, बोलून थोडाच दाखवणार?"

माझ्या हातात चहाचं ताट होतं आणि कमरेला पट्टा. मी म्हटलं, "मला जीभ हाय, मी बोलून दाखवते. मलाबी आराम न्हाई मिळाला."

सगळे हसले. एक पावणा म्हणाला, "वहिनी, तुमालाबी घाटात पळवायचं का काय?" मी हसले नाही. ताट तिथंच ठेवून आत गेले. राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

पूर्वी औताचे बैल होते तेव्हा सोमवारी त्यांना कुणी जुंपत नसे. महादेवाचा वार, नंदीच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. कुणी ठेवलंच तर माझे सासरे त्याच्या बांधावर जाऊन भांडायचे. पण त्याच सोमवारी आम्ही बायका खुरपायला जायचो, तेव्हा कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि सोमवारही गेला. तो मी घेतला.

सोमवारी धार काढते, कारण गाईच्या कासेला वार कळत नाही. भाकरी टाकते. मग पडवीत सतरंजी टाकून आडवी होते. सुरुवातीला फटफटीचा आवाज आला की दचकून उठायची आणि हातात झाडू घ्यायची. आपल्याच घरात चोरासारखी. त्या झाडूची मला जितकी लाज वाटते तितकी झोपण्याची कधी वाटली नाही.

खरी परीक्षा मार्गशीर्षात झाली. आमचं रोप लागणीला आलं होतं. जाऊबाईंनी दारात उभ्यानंच सांगितलं, "सोमवारी तुझ्या रानात. त्या दिशी न्हाई जमलं तर मग आठ दिसांनी, मंगळवारी. बाकीचे वार दिलेत."

"मग आठ दिवसांनी," मी म्हटलं.

"रोप निबर व्हईल."

"होऊ दे."

"अगं, तुझंच रान हाय! आपल्या रानाला कसला आलाय सोमवार? बायका काय म्हणत्यात ठाव हाय का? हिला येवढा आराम पायजे तर हिनं सावडीत ऱ्हाऊ नये. तवा नीट इचार कर."

मालकांनीही समजावलं, मग दोन दिवस अबोला धरला. मी भ्याले नव्हते असं कशाला सांगू? सावड सुटली असती तर लागणीला माणूस मिळालं नसतं. पण त्या सोमवारी मी सतरंजी टाकली. संध्याकाळच्या धारेपर्यंत उठले नाही.

आठ दिवसांनी सगळ्या आल्या, लागण झाली, पण माझ्याशी धड कुणी बोललं नाही. आणि फाल्गुनात कांद्याला डेंगळे आले, म्हणजे कांदा पोसायचा सोडून फुलाचे दांडे, नेहमीपेक्षा बरेच. मालक वाफ्यातून एक उपटून घेऊन आले. "बघ तुझा सोमवार."

"बघितला. पुढच्या साली रोप आठ दिवस उशिरा टाकू."

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी जाऊबाई पडवीत आल्या. डेंगळ्यांबद्दल ऐकलं असणार, आता सावडीचा निकाल देतील असं वाटलं. मी उठले नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"दिसभर काय करतीस गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हंजी?"

"काही नाही म्हणजे काही नाही."

त्यांनी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, मग परत काढला. "सरक जरा," म्हणाल्या आणि शेजारी आडव्या झाल्या. पाय थांबले, पण बोटं थांबेनात. सतरंजीचे धागे एकेक करून खुडत राहिली. आढ्याकडे बघत म्हणाल्या, "दिसा आडवी पडले ती बाळातपणात. तीन येळा. तिसऱ्याला बी पाचव्या दिशी उठले."

मी त्यांचा हात धरला. तो खरखरीत हात हळूहळू सैल पडत गेला.

तेवढ्यात रस्त्यावरून सावडीतली एक जण चालली होती. भरदिवसा दोघींना आडव्या बघून ती फाटकातूनच घाबरून ओरडली, "अगं बया, काय झालं? गाडी बोलवू का दवाखान्यात न्यायला?"

मी तोंड उघडण्याआधीच, डोळे मिटूनच, जाऊबाईंनी उत्तर दिलं, "काय बी झालं न्हाई. निजलोय आमी."