शार्प केलेला बाप

जुने फोटो दुरुस्त करायला लोक एक फोटो आणतात आणि दोन किस्से ठेवून जातात! डिचोलीच्या आमच्या स्टुडिओत मी आणि माझा थोरला भाऊ, सुदिनदादा. दादाला धूसर फोटो दिसला की शार्प करायची खाज सुटते. मी ओरडते, "हात आवर!" शिरगावच्या शेवंतीमावशींनी बापाचा एकुलता एक फोटो आणला तेव्हा तर आमची जुंपलीच. पण ते शेवटी.

*

पेडण्याहून एक फोटो आला, आजोबांच्या गालावरून घडी पडलेली. दादानं घडी तशीच ठेवून केला शार्प. नातू किंचाळला, "अहो, आमचा आजोबा दुकानदार होता, तुम्ही दरोडेखोर केलात!"

*

पाळी गावातला एक लग्नाचा फोटो. खाणीचा गाव, लाल धूळ कागदात मुरलेली. शार्प केल्यावर कण न् कण उठून आला! फोटोतली नवरी आता आजी झालेली. चष्मा चढवून म्हणाली, "अगो बाई! लग्नात ह्यांना देवी आलेल्या?"

*

फजिती माझीही झाली. एका मास्तरांचा फोटो मी मुद्दाम मऊ ठेवला. त्यांनी आपला चष्मा पुसला. मग माझा मागून घेऊन तोही पुसला. मग म्हणाले, "बाय, आता तुझो कम्प्युटर पूस गो!" दादा दिवसभर खिदळत होता.

*

तर शेवंतीमावशी. त्या लहान असतानाच बाप गेला, चेहरा आठवत नाही. यंदा म्हाळाला, पितृपक्षातल्या श्राद्धाला, पाटावर त्याचा फोटो ठेवायचा होता. फोटो गावच्या देवीच्या जत्रेतला. व्रत घेऊन धोंड, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणारा देवीचा भक्त, झालेला बाप, हातात वेताची काठी, गळ्यात मोगरा. बुरशी-चिरांखाली सगळं ठळक, फक्त चेहरा हललेला!

मी नको नको म्हणत भांडले, तरी दादानं एआय लावलं. काय डोळे, काय मिशी! मावशी बघतच राहिल्या.

"बरो दिसता रे. पूण हो कोण?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. मी हळूच मी दुरुस्त केलेला फोटो काढला. बुरशी, चिरा पुसलेल्या, चेहरा होता तसाच हललेला.

मावशींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एकदम ओरडल्याच, "आठवला! फोटोवालो बोंबलत होतो, हालू नका, हालू नका! आणि मीच हाक मारली, बाबा! हो बघ, बाबा कसो वळलो माझ्याकडे!"