चुकायचा मान

बाई चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या की स्टाफरूममधली जाणती माणसं हळूच उठून पाणी प्यायला जायची. चष्मा पुसून झाला की बाई समोरच्याला बोलणार हे ठरलेलं होतं, आणि ते ऐकून हसू दाबणं अवघड जायचं. नवीन माणसं मात्र बसून राहायची. पालक तर हमखास.

"आमचा अथर्व खूप हुशार आहे हो बाई," एखादी आई कौतुकाने सांगायची.

बाई काचा पुसायच्या, उजेडात धरून बघायच्या, चष्मा नाकावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "असू दे. चालवून घेऊ."

त्या माउलीला घरी पोचेपर्यंत कळायचं नाही की आपल्याला नक्की काय झालं. सदाशिव पेठेत शाळा असल्याचा हा एक फायदा. इथे माणसाला बोलणी बसतात ती घरी जाऊन उघडून बघावी लागतात.

मी त्याच शाळेत गणित शिकवते. बाई इतिहास-भूगोल शिकवायच्या आणि आम्हा सगळ्यांना विषयाच्या नावाने हाका मारायच्या. "अहो गणित, खडू आहे का?" "विज्ञान आज रजेवर का?" मला त्याचा राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो, पण चारचौघांत "अहो गणित" म्हणवून घेणं म्हणजे जरा जास्तच. मी एकदा स्पष्ट सांगितलं, बाई, मला नाव आहे. त्या म्हणाल्या, "असेल. लक्षात राहण्यासारखं काय आहे ते सांगा."

आता आमच्या शाळेविषयी. आमची शाळा निकालासाठी प्रसिद्ध आहे. शिकवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शाळा वेगळ्या, त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. आमच्या दारावर दरवर्षी फ्लेक्स लागतो, 'यंदाही दहावीचा निकाल शंभर टक्के'. हे शंभर टक्के कसे येतात ते तुम्हांला सांगते, कारण तुमच्याही ओळखीत एखादी अशी शाळा असणारच. नववीच्या शेवटी कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून चहा द्यायचा. मग गोड आवाजात सांगायचं, मुलावर ताण येतोय, तुम्ही दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसवा. म्हणजे नापास झाला तर तो स्वतःच्या हिमतीवर झाला, शाळेचा काही संबंध नाही. ज्यांना पोहता येतं त्यांनाच पाण्यात उतरवायचं आणि आमच्याकडे कुणी बुडत नाही म्हणून पेढे वाटायचे.

प्रणाली अशीच कच्च्या मुलांच्या यादीत बसायच्या लायकीची मुलगी होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, नागपूरकडून बदलून आलेले. पोरीला पेठेतल्या नामांकित शाळेत घालायचं म्हणून हौसेने आठवीत आमच्याकडे आणून सोडलं. रोज खडकीच्या क्वार्टरमधून बसने यायची. पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी विचारलं, "काय चाललंय मागच्या बाकावर?" ही उभी राहून म्हणाली, "प्रयोग लिहून राहिली, सर."

झालं! आमची शुद्ध मुलं ती. वर्ग जो हसला, तो महिनाभर हसतच होता. पाणी प्यायला गेली तरी कुणीतरी विचारायचं, "काय, पाणी पिऊन राहिली का?" त्यानंतर प्रणालीने तोंड उघडलं नाही. प्रश्न विचारला की उठून उभी राहायची आणि बाकाकडे बघत राहायची. पेपरातही पाच ओळींच्या उत्तराला एक ओळ. नववीपर्यंत तिला सगळे 'ढ' म्हणून मोकळे झाले होते. तिची आई शाळेत आली ती रडकुंडीला येऊन. "मॅडम, घरी तं इतकी बडबड करते. इथेच काहून नाही बोलून राहिली?"

नववीला प्रणाली बाईंच्या वर्गात आली. बाईंच्या वर्गात एक भलतीच प्रथा होती. फळ्याच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर एवढं सगळीकडेच लिहिलेलं असतं. बाईंच्या फळ्यावर त्याखाली आणखी एक ओळ असायची, 'आज चुकायचा मान', आणि पुढे एका मुलाचं नाव. गणपतीत आरतीचा मान असतो ना, तसा. ज्याचा मान असेल त्याने बाईंच्या तासाला प्रत्येक प्रश्नाचं चुकीचं उत्तर द्यायचं, तेही छातीठोकपणे आणि कारणासकट. मग बाकीच्यांनी त्यातली चूक शोधून काढायची. मी माझ्या तासाला आत शिरले की पहिल्यांदा ती ओळ पुसायचे. असला पोरखेळ माझ्या विषयात चालत नाही.

हुशार मुलांचे या प्रथेत फार हाल व्हायचे. सवयच नाही! अथर्वचा मान आला तेव्हा त्याच्या तोंडून बरोबरच उत्तर निघालं, दुसरंही बरोबरच निघालं आणि तिसऱ्याला तो रडायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील हजर. "आमच्या मुलाला चुका करायला शिकवतात इथे!"

बाईंनी चष्मा पुसला. "शिकवतेय हो. पण त्याला जमत नाहीये. तुम्ही घरी थोडा सराव घ्या."

मग एके दिवशी प्रणालीचं नाव फळ्यावर आलं. ती नेहमीसारखी उभी राहिली आणि गप्प. बाई म्हणाल्या, "वेळ आहे," आणि पुढे शिकवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा तिचंच नाव. तिसऱ्या दिवशीही तेच. चुकल्याशिवाय मान उतरत नाही, असा बाईंचा नियम. मी मधे पडले. "बाई, कशाला छळताय पोरीला?" तर म्हणाल्या, "अहो गणित, तुम्ही तिला काही विचारता का कधी?" मी म्हटलं, "नाही, उगाच तिला लाजवायचं कशाला." "मग छळ कोण करतंय ते बघा," म्हणाल्या आणि वहीत तोंड घालून बसल्या. माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

त्यानंतर जे झालं ते मी शेजारच्या वर्गातून ऐकलं, कारण मधली भिंत म्हणजे नुसती फळी आहे. बाईंनी विचारलं, "कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पुण्यात कमी का?"

मग एक बारीक आवाज आला.

"ढग येते न, बाई. पण इथले लोकं त्याले विचारते, कोण पाहिजे? काय काम आहे? मग ते बिचारं वापस जाते."

वर्ग फुटला. माझाही वर्ग फुटला, आणि खोटं कशाला सांगू, मीही फळ्याकडे तोंड करून हसले. पण हे हसणं आधीसारखं नव्हतं. बाईंचा आवाज तेवढा कोरडा. "हसताय काय? चूक शोधा."

कुणालाच सापडेना. बाई म्हणाल्या, "मलाही यात चूक दिसत नाही. त्यामुळे मान उद्याही तिचाच." तेव्हा प्रणाली घाईघाईने म्हणाली, "नाही न बाई, चूक आहे! सह्याद्री अडवते न ढगाले. आपण पर्जन्यछायेत आहो."

म्हणजे येत होतं! पोरीला सगळं येत होतं हो, आणि आम्ही दोन वर्षं तिला ढ म्हणत होतो.

पण बोलायला लागली म्हणून मागचं सगळं एकदम भरून निघत नाही. गणितात ती गोते खातच होती. वर्षाच्या शेवटी यादी निघाली आणि तिचं नाव त्यात होतंच. मुख्याध्यापकांनी तिचा दाखल्याचा अर्ज तयार करून वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी बाईंपुढे ठेवला. बाईंनी पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "उमटत नाहीये, सर."

सरांनी आपलं पेन दिलं. तेही म्हणे उमटेना. सरांनी माझं मागून घेतलं. बाईंनी ते कागदावर हवेतच फिरवलं आणि परत दिलं. "आपल्या शाळेत एकही पेन धड नाही. निकाल मात्र शंभर टक्के."

"बाई, प्रश्न शाळेच्या नावाचा आहे," सर लाल होत म्हणाले.

बाई चष्मा पुसायला लागल्या. मी उठून पाणी प्यायला जाणार होते, पण बसूनच राहिले.

"नाव दगडात कोरलंय, सर, ते कुठे जातंय? ही पोरगी जाईल. आत्ता कुठे तोंड उघडलंय तिने. बाहेर काढलीत तर पुन्हा मिटेल, आणि मग ते उघडायला मी नसेन."

सर म्हणाले, निकालाला धक्का लागला तर जबाबदारी तुमची. बाई म्हणाल्या, लिहून देते, पेन मिळालं की. अशी प्रणाली दहावीत गेली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवसापासून माझ्या मधल्या सुट्टीची वाट लागली. बाई डबा घेऊन प्रणालीसह माझ्यासमोर येऊन बसल्या. "अहो गणित, जेवता जेवता हिचं बीजगणित बघा. मी थालीपीठ आणलंय, त्यामुळे नाही म्हणू नका." मी कपाळाला हात लावला. त्यात बाई स्वतःही वही घेऊन बसायच्या. मला वाटलं, पोरीला धीर द्यायला नाटक करताहेत. कसलं नाटक! बाईंना गणित खरोखरच काडीचं येत नव्हतं. प्रणालीचं एक उदाहरण चुकायचं तेव्हा बाईंची सगळी चुकलेली असायची, आणि मी वैतागून दोघींवर ओरडायचे. हळूहळू प्रणालीच त्यांच्या वहीत डोकावायला लागली. "बाई, तिकडे गेल्यावर चिन्ह बदलवा न!" बाई निमूटपणे बदलवायच्या. दुसऱ्या कुणाचंही त्यांनी इतकं ऐकलेलं मला आठवत नाही. थालीपीठ मात्र फार सुरेख असायचं, ते कबूल करायला हवं.

परीक्षा झाली. सुट्टी लागली, आणि सुट्टीतच एका सकाळी बाई गेल्या. झोपेतच. कुणाचा तास बुडणार नाही अशी वेळ बघून गेल्या, असं मी सगळ्यांना हसून सांगत होते आणि घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडत होते. मला त्यांचा रोज राग यायचा. तसा राग यावा असं माणूस आता आमच्या स्टाफरूममध्ये उरलेलं नाही.

निकालाच्या दिवशी फ्लेक्स आधीच छापून आला होता. आमचा आत्मविश्वासच तेवढा! दुपारी निकाल मोबाइलवर आला. सगळे पास. एक सोडून. प्रणाली गणितात नापास, थोडक्या मार्कांनी. बाकी पाचही विषयांत पास आणि इतिहास-भूगोलात उत्तम. सरांनी फ्लेक्स गुंडाळून कपाटामागे टाकला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "करून ठेवलं ना बाईंनी शेवटी?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात प्रणाली आणि तिची आई उभ्या. आईचे डोळे सुजलेले. पोरीच्या हातात पेढ्यांचा पुडा. ती सरळ आत आली आणि तिने पुडा आधी सरांपुढे धरला.

"हे कसले पेढे?" सर.

"पाच विषयांचे, सर. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, निकाल काही लागो, पेढे आणजो आणि पहिला सरांना देजो."

सरांना पेढा घ्यावा लागला. तो हातात धरून ते म्हणाले, "आणि गणिताचं काय?"

मला वाटलं, आता ही खाली बघणार, आता तोंड मिटणार.

"गणितात चुकायचा मान माझा होता न, सर," प्रणाली म्हणाली. खणखणीत आवाजात, साऱ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं. "आता जुलैच्या परीक्षेत चूक शोधून दाखवतो."

कुणी हसलं नाही. सरांनी पेढा तोंडात टाकला. मग ती माझ्यासमोर आली आणि पुडा पुढे केला. "मॅडम, उद्यापासून मधल्या सुट्टीत येऊ न?" सुट्टी चालू आहे, शाळा बंद आहे, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी माझा चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागले. बाजूची माणसं सवयीने पाणी प्यायला उठली. काचा पुसून झाल्या तरी पुन्हा ओल्याच होत होत्या, आणि मला कुणालाच काही बोलता आलं नाही.