देवगडचा तांडेल सेंट ऑबिनला

सुलेखाला खोटं बोलता येत नाही, असं राजीवचं ठाम मत होतं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी नवऱ्याला बायको कळत नाही, त्याला कोण काय करणार? किरकोळ खोटं तिला जमायचं नाही, हे कबूल. पण लोणकढी थाप मारायची वेळ आली की बाईच्या अंगात काय संचारायचं देव जाणे.

राजीव साउथ कॅरोलायनातल्या सेंट ऑबिन नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या गावात डॉक्टर होता. गावाला इतिहासाचं भारी वेड. दर एप्रिलमध्ये अझेलिया फुलली की मोठा उत्सव. परेड, बँड, कोळंबीची पंगत, आणि सगळ्यात मानाची होम टूर. निवडक जुनी घरं त्या दिवशी लोकांना बघायला उघडी ठेवायची. घेरदार झगे घातलेल्या बायका दारात उभ्या राहून आपापल्या घराचा महिमा सांगायच्या. कुणाच्या जिन्यात तोफेचा गोळा रुतलेला, कुणाच्या सज्ज्यावरून नवऱ्या मुलीनं उडी मारलेली, कुणाकडे सेनापतीनं अर्धवट सोडलेला ग्लास. तो ग्लास तेव्हापासून कुणी विसळला नाही, याचाही त्यांना अभिमान! त्या घरांत राबलेल्या गुलामांबद्दल मात्र एकीच्याही तोंडून अवाक्षर निघायचं नाही.

सुलेखाचं घर जुनं होतं, पण सरळमार्गी. आधी मिठाचा व्यापारी, मग एक दंतवैद्य, मग विमा एजंट, आणि आता हे दोघं. पंच्याऐंशी साली एका बड्या घराचं छप्पर गळायला लागलं, म्हणून ऐनवेळी यांच्या घराची टूरमध्ये वर्णी लागली. त्या दिवशी अख्खं गाव तिच्या उंबरठ्याच्या आत आलं. एरवी लोक गोड बोलायचे, पण फाटकापासूनच. तीन वर्षांत कुणी साधं चहाला बसलं नव्हतं. देवगडला माहेरी दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. इथे बेल वाजली तर पोस्टमन. एकटेपणानं जीव नुसता कावून जायचा तिचा. तो एक दिवस तिनं वर्षभर पुरवून पुरवून वापरला.

आणि शहाऐंशीच्या फेब्रुवारीत उत्सव कमिटीच्या अध्यक्ष मिस ऑगस्टा व्हिटफील्ड दारात उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातांत पांढरे हातमोजे. तिकडे वडीलधाऱ्या बाईला मिस म्हणतात आणि पुढे पहिलं नाव लावतात. सुलेखानं ते मनातल्या मनात काकूंच्या खात्यात टाकलं होतं.

"हनी, घर सुंदर ठेवलंयस," मिस ऑगस्टा म्हणाल्या, "पण या घरात कधी काही घडलंच नाही गं. लोकांना सांगायचं काय? यंदा आम्ही तुला त्रास देणार नाही."

सुलेखा नुसतं ठीक आहे म्हणणार होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"बरं. पण मग मिस ऑगस्टा, तिन्हीसांजेला मागच्या दाराशी येतो, तो कोण?"

मिस ऑगस्टा निघाल्या होत्या, त्या परत खुर्चीत बसल्या.

भूत तिनं थेट देवगडहून उचललं. तिचा बाळकाका मच्छीमार बोटीवर तांडेल होता, म्हणजे तिकडचा कॅप्टनच. वादळात गेला. तो संध्याकाळी ओल्या पायांनी दारी येतो आणि तंबाखूला चुना मागतो, असं गावात बोलायचे. आता सेंट ऑबिनमध्ये चुना कुणाला समजणार? सुलेखानं बाळकाकाच्या हातात पाइप दिला. "काड्या भिजल्यात, जरा काडी देता का, एवढंच म्हणतो बिचारा," तिनं सांगितलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ते मात्र खरं होतं, काकावर तिचा फार जीव.

झालं! एप्रिलात तिच्या दारापुढची रांग चर्चपर्यंत गेली. सेनापतीच्या ग्लासाकडे कुणी ढुंकून बघेना. सुलेखा हिरवीगार इरकल नेसून मागच्या दाराशी उभी राहून बोलायला लागली की मोठमोठे बाप्ये टोप्या काढून ऐकायचे. निघताना लोक पायरीवर काडेपेट्या ठेवून जायचे.

राजीव वैतागला. "यार सुलेखा, हे फ्रॉड आहे! पेशंट बीपी चेक करताना कॅप्टनची चौकशी करतात!"

"मग सांग ना, बरा आहे म्हणून."

पण तिला धास्ती होतीच. आणि ती खरी ठरली टूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, चर्चच्या हिरवळीवर कोळंबीची पंगत बसली तेव्हा. मिस्टर हॉलिस उभे राहिले. हे इतिहासाचे निवृत्त मास्तर, आणि तो ग्लास यांच्याच घरातला.

"मॅडम, मी सगळं धुंडाळलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्या घरात कुणी कॅप्टन राहिलेला नाही. त्याचं नाव सांगता का? नसेल, तर कमिटीनं हे घर कायमचं टूरमधून काढावं."

सगळी पंगत तिच्याकडे वळली. गेलं घर, गेली माणसं, आता फाटकापासूनसुद्धा कुणी बोलणार नाही. "त्याचं नाव..." ती म्हणाली. खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून तिनं एकदा राजीवकडे बघितलं. तो कोळंबी सोलत होता!

"कॅप्टन जोसाया व्हिटफील्ड," मागून आवाज आला. मिस ऑगस्टा काठीवर रेलून उभ्या होत्या. "माझे पणजोबा. त्या घरातल्या मिठाच्या व्यापाऱ्याकडे ते रोज संध्याकाळी जायचे. क्लाइड हॉलिस, तुला काही विचारायचंय का?"

मिस ऑगस्टांना खोटं ठरवील असा माणूस त्या गावात जन्मायचा होता. मास्तर मुकाट्यानं खाली बसले.

पंगत उठल्यावर सुलेखा धापा टाकत त्यांच्या मागे गेली. "मिस ऑगस्टा, मला माफ करा. तो तुमचा पणजोबा नाही. तो माझा सख्खा काका आहे. देवगडचा. मी थाप मारली."

"माहितेय गं," मिस ऑगस्टा म्हणाल्या. "माझ्या पणजोबांचं लोणच्याचं दुकान होतं. होडीत पाय ठेवला की ओकायचे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या सेनापतींची कौतुकं सांगत आले, आणि आमच्या घरात काय, तर काकड्यांची लोणची! मला किती वर्षं एक कॅप्टन हवा होता, तुला कल्पना नाही. आता मी भर पंगतीत बोलून बसलेय. तो मी परत देणार नाही."

"अहो, पण तो माझा काका आहे!"

"असू दे की. माझा पणजोबा पण आहे."

सुलेखा थबकली. नात्यांचा हिशोब दिसला की देवगडच्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. काकाचा मुलगा तो माझा चुलत भाऊ. तोच यांचा आजोबा. म्हणजे...

"मिस ऑगस्टा," ती म्हणाली, "म्हणजे मी तुमची चुलत आजी लागते."

छत्तीस वर्षांच्या आजीकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नातीनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढी हसली की काठी हातातून पडली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला सुलेखा ओट्याशी उभी होती. बेल वाजली नाही. मागचं दार कुणीतरी सरळ ढकललं, आणि मिस ऑगस्टा हातमोजे काढत स्वयंपाकघरात आल्या.

"ग्रॅनी," त्या म्हणाल्या, "चहा टाकलायस ना?"