मिक्सरच्या जाहिरातीतली बाई

लेकीने जे. पी. नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मिक्सरची एक जुनी जाहिरात फ्रेम करून लावली आहे. रेशमी साडी, कानात मोत्याच्या कुड्या, अंबाड्यावर गजरा घातलेली बाई झाकणावर हात ठेवून हसते आहे. मागे खुर्चीत नवरा. मजकूर सगळा त्याला उद्देशून: बायकोवर प्रेम असेल तर तिला हे यंत्र आणून द्या. "किती गोड आहे ना, अम्मा?" लेक म्हणते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अशीच एक जाहिरात पाहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिक्सर आणला होता. तेव्हा आम्ही चामराजपेटेत राहत होतो, मी चौथी-पाचवीत असेन. त्याआधी मागच्या गल्लीतली एक अक्का रोज दुपारी तीनला येऊन इडलीचं पीठ दगडी रगड्यावर वाटून द्यायची. मिक्सर आला तसं अण्णांनी तिचं येणं बंद केलं. आईने मात्र जाहिरातीवर अक्षरशः विश्वास ठेवला. वाटण दहा मिनिटांत होणार, मग दुपार आपलीच. तिने कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या क्लासात नाव घातलं. तिला नोकरी करायची होती. हे तिने घरात एकदाच, तेही भीत भीत सांगितलं होतं.

तीन आठवडे ती गेली. मग एका रविवारी अण्णांनी ताटातली इडली बोटाने दाबून पाहिली. "हे सरी नाही, बरोबर झालेलं नाही. मिक्सरात पीठ तापतं. चटणीला ठीक आहे, इडलीचं दगडावरच पाहिजे." आणि माझ्याकडे वळून, "काय गं?"

मी मान डोलावली. इडली खरंच घट्ट झाली होती.

अक्काने तोवर दुसरी घरं धरली होती. दुपारी तीनला आई रगड्यापुढे बसली, आणि क्लासही तीनचाच होता. "स्वल्प दिवसांनी जाईन परत," ती म्हणाली. ती कधी जाणार, हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मिक्सरला हळदकुंकू लागायचं, वर शेवंतीची माळ. पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून चटणीसुद्धा आई दगडावर वाटायची. दगडाची पूजा करायचं कोणाला सुचलं नाही. मिक्सरला रजा मिळायची आणि आम्ही जेवून ढेकर द्यायचो. आठवलं की मला आमच्या सगळ्यांचा राग येतो, माझा सगळ्यात जास्त.

लेकीच्या लॅपटॉपवर अशा जाहिरातींचा ढीग आहे. फ्रिज, कुकर, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र. सगळ्या बाईचा वेळ वाचवतात. वाचलेल्या वेळात ती कुठे जाते, ते एकीतही दिसत नाही. ती त्या यंत्राशेजारीच उभी, नवऱ्याला कॉफी द्यायला. एवढा वेळ वाचवून तो ठेवला तरी कुठे, असं मी लेकीला विचारलं, तर म्हणते, "अम्मा, पोस्टर आहे ते. त्याच्याशी काय भांडतेस?"

गेल्या आठवड्यात आई पहिल्यांदाच तो फ्लॅट पाहायला आली. आता ऐंशी ओलांडली आहे. नातीने तिला हौसेने थेट त्या चित्रापुढे नेलं. "आज्जी, बघ, तुझ्या वेळचं!"

मला राहवेना. "आई, काढून टाकू का गं ते?"

आईने चष्मा लावला. ओट्याला धरून पुढे झाली आणि त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली.

"कशाला काढतेस?" ती म्हणाली. "नटूनथटून फोटोला घराबाहेर पडली असेल ती. ही तरी कामावर होती गं."